मीठ, गवत, प्रार्थना आणि बियाणे : वऱ्हाडातील सामान्य नागरिक व जागतिक न्यायाचे प्रश्न

प्रस्तावना

जागतिक न्याय, विश्वशांती आणि पर्यावरण हे शब्द उच्चारले की आपल्या डोळ्यांसमोर जिनिव्हा, रिओ किंवा न्यूयॉर्क येथील परिषदा उभ्या राहतात. या परिषदांच्या इतिहासात अमरावती आणि अकोला ही नावे सहसा आढळत नाहीत. आढळलीच तर ती दुष्काळ, कुपोषण किंवा शेतकरी आत्महत्या यांच्या तक्त्यात आढळतात. म्हणजे वऱ्हाड हा जागतिक चर्चेचा विषय होतो, पण त्या चर्चेतील वक्ता होत नाही. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. मागील सुमारे नव्वद वर्षांत वऱ्हाडातील सामान्य माणसे अशा प्रश्नांवर वारंवार बोललेली आहेत. फरक एवढाच की त्यांचे बोलणे ठरावाच्या किंवा निवेदनाच्या रूपात क्वचितच आले. खाऱ्या विहिरीचे पाणी आटवणे, राखीव जंगलातील गवत कापणे, गावच्या चौकात बसून प्रार्थना म्हणणे, मनाई असलेले बी पेरणे ही त्या बोलण्याची रूपे होत. कृती स्थानिक आणि तिचा रोख दूरवरच्या सत्तेकडे, हे या सर्वांतील समान सूत्र आहे.

'सामान्य नागरिक' या शब्दाविषयी आरंभीच एक खुलासा करणे योग्य ठरेल. उपलब्ध साधनांत नावे येतात ती पुढाऱ्यांची. विहिरीतून पाणी शेंदणारा, विळा घेऊन जंगलात शिरणारा आणि मागून दंड भरणारा माणूस बहुधा निनावी राहतो. त्यामुळे पुढील विवेचनातही पुढाऱ्यांची नावे टाळता आलेली नाहीत. तरी लेखाचा विषय त्यांच्या मागे उभी असलेली माणसे हाच आहे.

पार्श्वभूमी : जगाशी जोडलेला प्रांत

वऱ्हाड हा प्रांत 1853 च्या तहाने निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला आणि 1903 मध्ये तो मध्यप्रांताला जोडला गेला. इंग्रजांना या प्रांताचे आकर्षण होते ते काळ्या कसदार जमिनीचे, म्हणजेच कापसाचे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव चढले. याच दशकात भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून टाकण्यात आला. खामगाव, अकोला, अमरावती या बाजारपेठा मँचेस्टरच्या भावाकडे डोळे लावून बसू लागल्या. युद्ध संपले, भाव उतरले. शेतसारा आणि सावकाराचे देणे मात्र उतरले नाही. 1899-1900 च्या भीषण दुष्काळाने ज्वारीऐवजी कापूस पेरण्याची किंमत किती मोठी असू शकते हे दाखवून दिले. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस व दुष्काळ यांच्या परस्परसंबंधाचा जो अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही हा दुवा ठळकपणे पुढे येतो.

तात्पर्य, वऱ्हाडी शेतकऱ्याला जगाची ओळख वर्तमानपत्रातून झाली नाही. ती कापसाच्या भावातून झाली. डिसेंबर 1897 मध्ये सर सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीस भरले, त्या वेळी सुशिक्षित वर्गाने राजकीय हक्कांचा प्रश्न मांडला. तो महत्त्वाचा खराच. परंतु शेतकऱ्याचा स्वतःचा आवाज ऐकू येण्यास आणखी तीन दशके जावी लागली.

समुद्राविना मीठ

महात्मा गांधींनी 6 एप्रिल 1930 रोजी दांडी येथे मिठाचा कायदा मोडला. समुद्रकिनाऱ्यावरील जिल्ह्यांना अनुकरण सोपे होते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वऱ्हाडाने काय करावे, हा प्रश्नच होता. त्याचे उत्तर पूर्णा नदीच्या खोऱ्याने दिले.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणारा पूर्णेकाठचा प्रदेश 'खारपाणपट्टा' म्हणून ओळखला जातो. येथील भूजल खारे आहे. ते पिण्यास निरुपयोगी, ओलितासही घातक. विहीर खणली तरी पाणी तोंडात घेववत नाही. याच खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी या भागात मीठ काढले जात असे. इंग्रजी अमलात मिठावर सरकारी मक्ता व कर आला आणि हा उद्योग थांबला. पिढ्यान् पिढ्या शाप समजल्या गेलेल्या या पाण्यालाच 1930 मध्ये राजकीय अर्थ प्राप्त झाला. राष्ट्रीय सप्ताहाच्या अखेरच्या दिवशी, 13 एप्रिल 1930 रोजी, अकोला जिल्ह्यातील दहीहंडा व अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुक्यातील भामोद येथे मिठाच्या सत्याग्रहास प्रारंभ झाला. जालियनवाला बागेच्या हत्याकांडाचा तो स्मृतिदिन होता. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखे कार्यकर्ते या चळवळीत अग्रभागी होते व त्यांनी कारावासही भोगला.

दहीहंड्याचे महत्त्व तेथे तयार झालेल्या मिठाच्या वजनात शोधू नये. ते मीठ कितीसे असणार? विहिरीचे पाणी आटवून हाती आलेले ते मूठ-दोन मूठ क्षार जगातील सर्वांत मोठ्या साम्राज्याच्या एका कायद्याविरुद्ध दिलेली साक्ष होती. मिठावरील कर गरीब व श्रीमंत यांच्यावर सारखाच पडतो, म्हणून तो अन्यायकारक आहे, हे तत्त्व खेड्यातील माणसाला व्याख्यानाशिवाय समजले. कारण मीठ रोज चुलीपाशी लागते. निसर्गाने दिलेली वस्तू कोणाच्या मालकीची, हा जो प्रश्न आज पर्यावरणविषयक चर्चेत पाणी, जंगल व बियाणे यांबाबत विचारला जातो, तो वऱ्हाडात प्रथम सार्वजनिकरीत्या मिठाच्या निमित्ताने विचारला गेला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विळा आणि राखीव जंगल

पावसाळा सुरू झाल्यावर मिठाचा सत्याग्रह चालविणे अवघड होते. आटवायचे पाणी आणि पावसाचे पाणी एकत्र नांदत नाही. तेव्हा वऱ्हाडाने आपल्या परिस्थितीला अधिक जवळचा असा कायदा निवडला. 1927 च्या भारतीय वन कायद्यानुसार राखीव जंगलातील गवत परवान्याशिवाय कापणे गुन्हा होता. 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे गवत कापून जंगल सत्याग्रहाचा आरंभ केला. त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. पाहता पाहता हा सत्याग्रह वऱ्हाडच्या इतर जिल्ह्यांत पसरला.

शहरी वाचकाला गवताच्या भाऱ्यासाठी तुरुंगात जाणे काहीसे विचित्र वाटेल. परंतु ज्याच्या गोठ्यात बैलजोडी आहे त्याला गवत म्हणजे पुढील हंगामाची मशागत होय. चराईची फी, परवाना, गुरे पकडून कोंडवाड्यात घालणे आणि वनरक्षकाची मर्जी या रोजच्या जाचाला राष्ट्रीय चळवळीने प्रथमच राजकीय भाषा दिली. जंगल राखणे चूक आहे असे सत्याग्रहींचे म्हणणे नव्हते. जंगल कोणासाठी राखायचे आणि ते कोणी ठरवायचे, एवढाच त्यांचा सवाल होता. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले तरी 1927 चा कायदा कायम राहिला आणि हा सवालही अनुत्तरित राहिला. त्याचे पडसाद पुढे मेळघाटात उमटले. त्याचा विचार क्रमाने येईलच.

मोझरीहून जपानला

शांततेच्या प्रश्नावर वऱ्हाडचा आवाज देशाबाहेर नेण्याचे श्रेय राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (1909 ते 1968) यांना जाते. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे एका गरीब कुटुंबात जन्मलेल्या या भजनकाराचे औपचारिक शिक्षण जेमतेम होते. 1935 मध्ये त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. खंजिरीवरील भजन आणि सामुदायिक प्रार्थना ही त्यांची दोन साधने. 1942 च्या आंदोलनात त्यांच्या भजनांचा प्रभाव सरकारला एवढा जाणवला की त्यांना अटक करून नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. त्या वर्षी वऱ्हाडातील काही गावांनी गोळीबारात माणसे गमावली. महाराजांचे जन्मगाव त्यांपैकीच एक. ते आजही 'यावली शहीद' या नावाने ओळखले जाते, तसेच वरुड तालुक्यातील बेनोडा हे 'बेनोडा शहीद' या नावाने.

अशा गावातून आलेला माणूस 1955 मध्ये जपानमधील विश्वधर्म व विश्वशांती परिषदेस उपस्थित राहिला. हिरोशिमा व नागासाकीवर अणुबाँब पडून त्या वर्षी दहा वर्षे होत होती. शांततावादी विचार वऱ्हाडच्या उंबरठ्यावर यापूर्वीच पोहोचला होता. 1949 च्या अखेरीस वर्धा नदीपलीकडील सेवाग्राम येथे जगभरच्या शांततावाद्यांची परिषद भरली होती. मात्र त्या परिषदेतील चर्चा विद्वानांची होती. तुकडोजी महाराजांनी नेली ती खंजिरी आणि गावच्या चौकातील प्रार्थना. सर्व धर्मांच्या लोकांनी एकत्र बसून, मूर्तीपेक्षा स्वच्छतेला व श्रमाला अधिक मान देऊन करावयाची ती प्रार्थना होती.

याच वर्षी त्यांची 'ग्रामगीता' प्रसिद्ध झाली, ही बाब अभ्यासकांनी लक्षात घ्यावी. 41 अध्याय व 4675 ओव्यांचा हा ग्रंथ त्यांनी ग्रामदेवतेस अर्पण केला. त्यात शौचकूप, गोठा, भाऊबंदकी, हुंडा, कर्ज, सणावारांचा खर्च असे विषय आहेत. एका हाताने विश्वशांतीच्या परिषदेला जाणारा माणूस दुसऱ्या हाताने गावातील सांडपाण्याविषयी लिहितो, यात काहींना विसंगती वाटते. वस्तुतः महाराजांच्या विचारात या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. गाव हे जगाचे लहान रूप आहे, आणि ज्या गावात शेजाऱ्याशी वैर आहे तेथून विश्वशांतीची भाषा बोलणे व्यर्थ आहे, अशी त्यांची धारणा होती.

तरीही त्यांच्या शांतिविचाराचे मूल्यमापन करताना भाबडेपणा टाळावा लागेल. 1962 च्या चिनी आक्रमणाच्या वेळी आणि 1965 च्या भारत-पाक युद्धात ते सीमेवर गेले व त्यांनी जवानांना धीर दिला. युद्धाचा निरपवाद निषेध करणारा पाश्चात्त्य शांततावाद त्यांचा नव्हता. स्वातंत्र्यासाठी रक्त सांडलेल्या गावातला हा माणूस होता. स्वसंरक्षण आणि शांतता यांत त्याला विरोध दिसला नाही. ही भूमिका पटो न पटो, ती वऱ्हाडातील बहुसंख्य कुटुंबांची भूमिका होती. त्या दृष्टीने महाराज खऱ्या अर्थाने सामान्यांचे प्रतिनिधी ठरतात.

कापूस : जुना धागा, नवी गाठ

स्वातंत्र्योत्तर काळात कापसाचा प्रश्न काही काळ राज्यापुरता सीमित झाल्यासारखा वाटला. 1972 मध्ये महाराष्ट्र शासनाने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली आणि बाजारातील चढउतारांपासून शेतकऱ्याला आडोसा मिळाला. तिच्यातील उशिरा मिळणारे चुकारे व ग्रेडरची मनमानी हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. 1990 नंतर हा आडोसा ढासळत गेला आणि वऱ्हाड पुन्हा एकदा जागतिक भावाच्या थेट समोर उभा राहिला.

सप्टेंबर 2003 मध्ये मेक्सिकोतील कॅनकून येथे जागतिक व्यापार संघटनेची परिषद झाली. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या पश्चिम आफ्रिकेतील चार गरीब देशांनी तेथे अमेरिकेच्या कापूस अनुदानाचा प्रश्न उपस्थित केला. अमेरिका आपल्या मोजक्या शेतकऱ्यांना देत असलेल्या अनुदानामुळे जगातील कापसाचे भाव पडतात व आमचे शेतकरी देशोधडीला लागतात, ही त्यांची तक्रार होती. ब्राझीलनेही याच प्रश्नावर अमेरिकेविरुद्ध दावा केला व 2004-05 मध्ये निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. बुर्किना फासोचा शेतकरी आणि दर्यापूरचा शेतकरी यांचे दुखणे एकच होते, पण त्यांची गाठ कधी पडली नाही. विदर्भात विजय जावंधिया यांच्यासारखे शेतकरी नेते सभांतून व लेखांतून अमेरिकन अनुदानाचा मुद्दा मांडत होते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेची भूमिका मात्र निराळी होती. खुल्या व्यापाराचे तिने स्वागत केले. शेतकऱ्याला मारतो तो बाजार नव्हे, बाजारात हस्तक्षेप करणारे सरकार, असे तिचे निदान होते. एकाच मातीतील दोन आवाज अशा रीतीने एकमेकांच्या विरोधात उभे राहिले. इतिहासकाराने यांपैकी एकालाच 'खरा शेतकऱ्याचा आवाज' ठरविण्याची घाई करू नये.

दरम्यान गावागावांत आत्महत्यांचे सत्र सुरू झाले होते. 1 जुलै 2006 रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. पॅकेजमध्ये कर्जावरील व्याज होते, सिंचन होते, दुभती जनावरे होती. जागतिक भावाविषयी त्यात काही करता येण्यासारखे नव्हते.

अकोट तालुका, 2019

या संपूर्ण इतिहासात 2019 हे वर्ष विशेष लक्षणीय ठरते. त्या वर्षी अवघ्या सहा महिन्यांत अकोला जिल्ह्याच्या अकोट परिसरात उघड कायदेभंगाच्या दोन घटना घडल्या. दोन्ही वेळी मोडलेला कायदा पर्यावरणाच्या रक्षणासाठी केलेला होता.

पहिली घटना मेळघाटातील. 1974 मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला; देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत त्याचा समावेश होता. वाघ वाचविणे हे जागतिक कर्तव्य मानले गेले. त्याची किंमत जंगलातील कोरकू व इतर रहिवाशांना गाव सोडून द्यावी लागली. 2001 नंतर बोरी, कोहा, कुंड आणि पुढे केलपाणी, गुल्लरघाट, अमोना, नागरतास अशी गावे डोंगराखाली अकोटच्या सपाटीवर आणून वसविण्यात आली. 2008 पासून प्रत्येक कुटुंबास 10 लाख रुपये देण्याचे केंद्राचे धोरण होते. पैसा मिळाला, तो बहुतेकांकडून खर्चही झाला. शेती, रोजगार व आरोग्यसेवा यांची आश्वासने अपुरी राहिल्याची तक्रार करीत विस्थापित कुटुंबे पुन्हा जंगलात परतली. जानेवारी 2019 मध्ये त्यांचा वन विभाग व पोलिसांशी संघर्ष झाला आणि दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. 1930 चा सवाल येथे पुन्हा समोर आला, मात्र या वेळी समोर परकी सत्ता नव्हती.

दुसरी घटना 10 जून 2019 ची. अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने एक हजाराहून अधिक शेतकरी जमले. तणनाशक सहन करणाऱ्या, शासनाची मान्यता नसलेल्या जनुकीय बदल केलेल्या कापसाची (एचटीबीटी) पेरणी त्यांनी जाहीरपणे केली. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार तेव्हा या कृत्यास पाच वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. शेतकऱ्यांनी आपल्या कृतीला सविनय कायदेभंग म्हटले आणि शिक्षेची तयारी दर्शविली. अन्य देशांतील शेतकऱ्याला जे तंत्रज्ञान मिळते ते आम्हाला का नाही, हा त्यांचा युक्तिवाद जागतिक न्यायाचाच होता.

दहीहंड्याच्या सत्याग्रहाशी याची तुलना स्वाभाविक आहे आणि ती संघटनेच्या समर्थकांना प्रियही आहे. पण तुलना जेथे अपुरी पडते ती जागा अधिक बोलकी आहे. 1930 चे मीठ निसर्गातून आलेले, कोणाच्याही पेटंटचे नव्हते. एचटीबीटीचे तंत्र एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या प्रयोगशाळेतून निघालेले, आणि ते ज्या तणनाशकाच्या भरवशावर उभे आहे त्याच्या परिणामांविषयी जगभर वाद आहे. शिवाय आणखी एक आवाज त्या दिवशी कोणी विचारला नाही. वऱ्हाडात निंदणाचे काम मुख्यतः बायांच्या हाती आहे. खरिपात कापसातील तण काढून मिळणारी मजुरी हा भूमिहीन घरांतील स्त्रियांचा आधार असतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने निंदणाचा खर्च वाचणे म्हणजे दिलासा. मजूर स्त्रीच्या दृष्टीने तोच तिचा रोज बुडणे होय. सामान्य नागरिकांतही कोणाचे म्हणणे पेरणीच्या ओळीत ऐकू येते आणि कोणाचे नाही, हे यावरून दिसते.

याउलट अमरावती जिल्ह्यातील बेलोरा येथील सुभाष पाळेकर यांनी रासायनिक खते, तणनाशके आणि विकतचे बियाणे या सर्वांनाच नकार देणारी नैसर्गिक शेती मांडली. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि आंध्र प्रदेशसारख्या राज्यांत त्यांच्या पद्धतीचा मोठा प्रसार झाला. त्यांच्या उत्पादनविषयक दाव्यांबद्दल कृषिशास्त्रज्ञांनी शंका घेतल्या आहेत, त्या रास्त आहेत. एकाच प्रांताच्या परिघात बियाण्याविषयी अशी दोन टोकाची मते तितक्याच तळमळीने मांडली जावीत, यावरून येथील माणूस केवळ मदतीची वाट पाहणारा नाही, एवढे निश्चित होते.

जंगलाच्या बाबतीत मात्र एका गावाने वेगळा मार्ग दाखविला. अचलपूर तालुक्यात मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर या लहानशा गावाला वनहक्क कायद्याखाली 2012 मध्ये सुमारे 193 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. उघडीबोडकी झालेली ती टेकडी ग्रामसभेने राखली. चराईवर व तोडीवर स्वतःच बंधने घातली, झाडे लावली. सीताफळांची विक्री ग्रामसभेमार्फत होऊ लागली आणि कामासाठी बाहेर जाणाऱ्यांना गावातच मजुरी मिळाली. 2014 मध्ये या गावाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा भारतीय जैवविविधता पुरस्कार मिळाला. पुसदला 1930 मध्ये ज्या गवतासाठी शिक्षा झाली, त्यासारखेच गवत पायविहीरची ग्रामसभा आता आपल्या नियमाने कापू देते किंवा कापू देत नाही. कोणत्या भागात गुरे सोडायची आणि कोणता भाग त्या वर्षी बंद ठेवायचा, हे ग्रामसभेत बसून ठरते.